सुपडू मिस्त्रीचा व्हर्नियर

नशिराबादेत सुपडू झुलालला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्याचं सगळं श्रेय सुपडूच्या स्वतःच्या तोंडाला जातं. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत जीवरामशेठचं वर्कशॉप होतं. पत्र्याची शेड, लोखंड कातायची दोन लेथ, एक ड्रिल आणि कोपऱ्यात लोखंडी गज कापायचं हॅक्सॉ मशीन. त्यातल्या एका लेथवर सुपडू अठरा वर्षं उभा होता. अठरा वर्षांत दुसरा एखादा काही शिकला असता. सुपडू फुगला.

त्याची माप घेण्याची तऱ्हा अशी. लेथवर फिरणारा शाफ्ट, म्हणजे पंपाचा लोखंडी कणा, थांबवायचा, डोळे मिटायचे, अंगठा शाफ्टवरून फिरवायचा आणि अंगात आल्यासारखं बोलायचं, "अर्धा सूत जास्ती शे." आठ सुतांचा एक इंच होतो. म्हणजे सुपडूचा अर्धा सूत हा चांगला दीड मिलिमीटर, पण तो सांगायचा असा की जणू केस चिरून दाखवतोय. मूळचा भडगावकडचा, त्यामुळे नशिराबादेत इतकी वर्षं काढूनही तोंडातली अहिराणी सुटली नव्हती. "मना अंगठा म्हणजे सरकारी माप," असं तो सुकदेवच्या हॉटेलात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे. त्या सरकारी मापाने केलेला शाफ्ट जाड झाला तर तो पॉलिश पेपरने घासायचा, बारीक झाला तर पंच आणि हातोड्याने टोचे मारून फुगवायचा. शेतकऱ्याच्या विहिरीवरचा पंप दोन महिने चालायचा, मग खडखडायला लागायचा, आणि तो शेतकरी पुन्हा सुपडूकडेच यायचा. सुपडूला वाटायचं, आपलं नाव झालंय म्हणून येतोय.

हे सगळं सुखात चाललं असताना सत्त्याऐंशी सालच्या पावसाळ्याअखेर जीवरामशेठने दोन्ही लेथवाल्यांना टेबलाशी बोलावलं. दुसरा लेथवाला म्हणजे अस्लम. दहा वर्षांपूर्वी तो तिथे हाताखाली लागला तेव्हा सुपडूने त्याला 'अस्ल्या' म्हणून चहा आणायला पाठवलं, लोखंडाचा भुसा झाडायला लावला, पण लेथचं हँडल कसं धरायचं हे सांगितलं नाही. अस्लमचा मामेभाऊ सरदार भुसावळला रेल्वेच्या कामावर होता. त्याच्याकडे सुट्टीच्या वारी जाऊन जाऊन तो शिकला. तिशीच्या आत शेडमधलं दुसरं लेथ त्याच्या हाती आलं, तरी सुपडूच्या तोंडी तो अस्ल्याच राहिला.

शेठने टेबलावर दोन चपट्या पेट्या ठेवल्या. आत एकेक चकचकीत स्टीलचा व्हर्नियर, बारीक मापं घ्यायचं हत्यार.

"दसऱ्यानंतर पंपाच्या कारखान्याचं काम सुरू होतंय," शेठ म्हणाला. "पंचवीस मिलिमीटरचा शाफ्ट. फार तर दोन शतांश बारीक चालेल, जाड तर अजिबात नाही. दोघांनी दहा-दहा नग करायचे, त्यांचा माणूस येऊन तपासणार. ज्याचे पास होतील तो लेथवर. ज्याचे पडतील तो हॅक्सॉवर. म्हातारा पुना आपल्या गावी परत गेल्यापासून ते मशीन रिकामंच आहे."

सुपडूने कोपऱ्यातल्या हॅक्सॉकडे पाहिलं. हॅक्सॉवर काम काय? गज बांधायचा, बटण दाबायचं आणि तो कापला जाईपर्यंत बिडी ओढायची. पुना नावाचा बहिरा म्हातारा ते करत असे आणि त्याला 'मिस्त्री' कोणी म्हणत नसे. सुपडूला मिस्त्री म्हणवून घ्यायची इतकी सवय होती की बायकोनेही तसंच म्हणावं अशी त्याची इच्छा असे. शिवाय सूत, इंच आणि अंगठा सोडून त्याला कशातलं काही कळत नव्हतं. पण तोंडाने तो म्हणाला, "शेठ, दहा काय, शंभर करस."

विचारलं असतं तर अस्लमने तिथल्या तिथे शिकवलं असतं. पण अस्ल्याला विचारायचं म्हणजे काय? त्यापेक्षा सुपडूने पेटी पिशवीत घातली, "घरी नेस, नवी वस्तू शे, साफसूफ करी आनस," असं शेठला सांगितलं आणि सायकलला टांग मारली.

नशिराबादेत पोचल्यावर त्याने ती पेटी घरात नेली नाही. ओट्यावर उघडली. गुपचूप शिकायचं असेल तर दार लावून शिकावं, पण सुपडूला ओटा लागतो. पाच मिनिटांत सुकदेव आला, आणखी चार जण आले, अस्लमची आई कनीजबी विरजण मागायला आली होती तीही थांबली.

"काय आहे हो सुपडूभाऊ हे?"

"व्हर्नियर. केसबी मोजस."

व्हर्नियरला दोन जबडे असतात, एक दांड्याला पक्का आणि एक सरकता. मधे वस्तू धरायची. दांड्यावर मिलिमीटरच्या रेघा असतात, सरकत्या भागावर आणखी बारीक पन्नास रेघा. सुपडूला त्या रेघांचं गवत दिसत होतं. त्यात चाळिशी लागलेली, आणि चष्मा लावायचा म्हणजे म्हातारपण कबूल करायचं. पण समोर पाच-सहा माणसं बसल्यावर सुपडूला गप्प राहणं शक्य नव्हतं. त्याने कनीजबीच्या हातातली बांगडी जबड्यात धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "पाच पॉइंट सदतीस."

मंडळी थक्क झाली. मग भागाबाईची, म्हणजे त्याच्या बायकोची, ताजी भाकरी मोजली गेली. सहा पॉइंट एकोणीस. सुकदेवच्या कानाची पाळी चार पॉइंट त्रेपन्न भरली. सुपडूने मुद्दाम असे वेडेवाकडे आकडे निवडले होते. पाच पॉइंट पन्नास म्हटलं तर लोकांना अंदाज वाटेल, सदतीस म्हटलं की कुणालाही वाटावं, हा माणूस डोळ्यात तेल घालून बघतोय. एवढी अक्कल त्याने रेघा समजून घ्यायला वापरली असती तर पुढचं काही झालं नसतं.

कनीजबीने घरी जाऊन जेवताना मुलाला सांगितलं. अस्लमच्या तोंडात घास होता. तो त्याला ठसक्याबरोबर बाहेर काढावा लागला.

"अम्मी, त्या व्हर्नियरवर सदतीस नसतंच. एकेक रेघ दोन शतांशाची. छत्तीस येईल नाहीतर अडतीस. एकोणीस पण नाही, त्रेपन्न पण नाही."

कनीजबीच्या पोटात गोष्ट राहत नाही. सकाळी नळावर हंड्यांची रांग लागली तेव्हा सगळ्या गल्लीला कळलं होतं. सुपडू दात घासत बाहेर आला तर समोरून हाक आली, "मिस्त्री, किती वाजले? सहा पॉइंट सदतीस का?" सुकदेवच्या हॉटेलात गेला तर सुकदेव कान झाकून घेत म्हणाला, "थांबा हो, कालचं माप आहे का तेवढंच, की वाढला?"

सुपडूला आधी कळेना लोक का हसताहेत. कळलं तेव्हा तो चहा अर्धा टाकून घरी आला आणि व्हर्नियर घेऊन मागच्या खोलीत बसला. प्रत्येक रेघ मोजली. पन्नासच भरल्या. सदतीस कुठेच नव्हतं. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याला हॅक्सॉचा आवाज स्वतःच्या दिशेने येताना ऐकू आला.

"जा ना मंग अस्लमकडे," भागाबाई पीठ मळता मळता म्हणाली. "तोंड का झिजी जाई तुमनं?"

"त्याले मी चहा आनाले धाडे."

"तेच तर. तो चहा बी पाजी."

दुसऱ्या दिवशी पहाटेच, नळाला पाणी यायच्या आधी, सुपडू अस्लमच्या अंगणात जाऊन उभा राहिला. शिकव म्हणाला असेल असं कुणाला वाटत असेल तर त्याने सुपडूला ओळखलं नाही. तो म्हणाला, "शेठनी खराब माल आनेल शे. विषम आकडाच दखाडत नही."

अस्लमने हसू दाबलं. "मिस्त्री, बसा. अम्मी, चहा ठेव."

शिकवणी सुरू झाली. पहिलीच अडचण डोळ्यांची. सुपडूला रेघा दिसेनात, चष्मा त्याच्याकडे नव्हता, म्हणून कनीजबीने आपला काढून दिला. गुलाबी फ्रेमचा, एका बाजूला दोरा बांधलेला. तो नाकावर चढवून सुपडू मिस्त्री खाटेवर बसला. तेवढ्यात नळाला पाणी आलं आणि हंडे घेऊन निघालेल्या बायांनी ते दर्शन घेतलं.

"दोन कंगवे समोरासमोर धरले असं समजा," एक लोखंडी तुकडा मोजायला देऊन अस्लम सांगत होता. "एकाचे दात थोडे जवळ जवळ, दुसऱ्याचे थोडे लांब. सगळे दात एकमेकांसमोर नाही येणार. पन्नासांत एकच येईल अगदी सरळ. तो शोधायचा. आधी बघा, सरकत्या पट्टीचा शून्य कुठे आहे?"

"आठे. जबडाना काठले."

"काठ नाही, मिस्त्री. शून्य. रेघेवर शून्य लिहिलंय ते."

"हां. चोवीसच्या पुढे."

"म्हणजे चोवीस पक्के. आता सरळ कोणती रेघ लागते?"

सुपडूने जीभ बाहेर काढून शोधलं. "सहाच्या पुढली."

"सहा म्हणजे साठ शतांश. पुढची एक म्हणजे दोन. किती?"

"चोवीस पॉइंट बासष्ट."

"बरोबर. पण एवढं दाबू नका, नारळ फोडायचा नाहीये. आणि एक गोष्ट, कामाला लागायच्या आधी दर वेळी जबडे पुसायचे, पूर्ण बंद करायचे आणि शून्याला शून्य लागतं का बघायचं. नाही लागलं तर सगळी मापं खोटी."

"ते काय सांगाले पाह्यजे?" सुपडू म्हणाला. ज्या गोष्टी त्याला दोन मिनिटांपूर्वी कळल्या त्या त्याला जन्मापासून माहीत असायच्या.

नऊ सकाळी तो गेला. आणि खोटं कशाला सांगायचं, शिकला. हात मुळात वाईट नव्हता, डोक्यावर जे बसलं होतं ते वाईट होतं. दहाव्या दिवशी अस्लमने वेगवेगळ्या जाडीचे सहा तुकडे दिले, सुपडूने सहाच्या सहा बरोबर सांगितले. झालं. त्या संध्याकाळी सुकदेवच्या हॉटेलात तो कंगव्याची उपमा देऊन लोकांना व्हर्नियर शिकवत होता, आणि वर म्हणत होता, "अस्ल्याले बी मीच सांगं. त्याना हात दाबस."

अस्लमच्या कानावर ते आलं. त्याने नुसती मान हलवली. नशिराबादेत राहून सुपडूच्या बोलण्याचा राग धरायचा तर माणसाला दुसरं काही कामच उरणार नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी सगळीकडे हत्यारांची पूजा होते. शेडमध्ये दोन्ही लेथना झेंडूच्या माळा घातल्या, शेठने नारळ फोडला, सगळ्यांना गूळ-खोबरं वाटलं. अस्लम प्रसाद घेऊन घरी गेला. सुपडू मागे राहिला. त्याला वाटलं, ज्याने आपलं लेथ वाचवायचं आहे त्याची पूजा वेगळी झाली पाहिजे. त्याने पेटीतून व्हर्नियर काढला, दांड्याला हळद-कुंकू लावलं, हात जोडले. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण व्हर्नियरला जबडे होते, आणि जबडे आहेत म्हटल्यावर नैवेद्य नको का? त्याने गुळाचा खडा जबड्यांत ठेवला आणि ते हलकेच मिटले. "खा बाबा," म्हणाला. गूळ मऊ होता, चेपला. सुपडूने वरवरचा अंगठ्याने पुसला, बोट चाटलं आणि व्हर्नियर पेटीत ठेवून दिला.

पुढचे तीन दिवस शेड बंद. ऑक्टोबरचं जळगाव, वर पत्रे. पेटीतला गूळ आधी पातळ झाला असणार, मग वाळून वार्निशासारखा घट्ट बसला.

सोमवारी सकाळी दोन्ही लेथ सुरू झाली. कारखान्याचे पितांबर साहेब चार वाजता येणार होते. शेठ आज टेबलावर न बसता मधे येऊन उभा होता. अस्लमने आपला व्हर्नियर काढला, फडक्याने जबडे पुसले, मिटले, उजेडाकडे धरून शून्य पाहिलं, मग कामाला लागला. सुपडूनेही पेटी उघडली. फडकं खांद्यावर होतं. हात तिकडे गेलासुद्धा. पण शेठ बघत होता. पुसून-बिसून, बंद करून, डोळे बारीक करून शून्य शोधायचं हे सगळं शिकाऊ माणसाचं काम, असं सुपडूला वाटलं. शेठ म्हणेल, याला आत्ताच कोणीतरी शिकवलंय. आणि शेठला तसं वाटलेलं सुपडूला परवडणार नव्हतं, कारण ते खरं होतं. त्याने फडकं तसंच राहू दिलं आणि पहिला शाफ्ट लेथच्या पकडीत, चकमध्ये, धरला.

काम मात्र सुंदर चाललं होतं. शेवटचा काप घेताना तो श्वास रोखून धरत होता, स्वतःचा नवा चष्मा लावून रेघ शोधत होता, आणि दर नगाला शेडभर ऐकू जाईल असं ओरडत होता, "पंचवीस पॉइंट शून्य शून्य!" दहा नग त्याने अस्लमच्या दोन तास आधी पूर्ण केले. हात पुसत तो अस्लमच्या मशीनशी गेला. "अस्ल्या, मदत करू का?"

"नको मिस्त्री. तीनच राहिलेत."

चार वाजता पितांबर साहेब स्कूटरवरून आले. बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. खिशातून शाफ्टवर चढणारं एक गोल बेअरिंग काढलं, सुपडूचा पहिला शाफ्ट उभा धरला आणि बेअरिंग वरून लावलं. ते बोटांनी हलके दाबून बसवावं लागायला हवं होतं. त्याऐवजी सर्रकन घसरत खाली गेलं आणि टेबलावर टण्णकन वाजलं.

दुसरा शाफ्ट. टण्ण. तिसरा. टण्ण. शेडमधले सगळे जवळ आले. पितांबर साहेबांनी मायक्रोमीटर लावला.

"चोवीस पॉइंट नव्वद. दहाच्या दहा चोवीस पॉइंट नव्वद." ते शेठकडे वळले. "इतकं एकसारखं चुकलेलं काम मी पाहिलेलं नाही. या माणसाचा हात चांगला आहे हो. माप घेतलं कशाने?"

सुपडूने पेटी पुढे केली. पेटीच्या फटीतून मुंग्यांची ओळ टेबलाच्या कडेने खाली उतरत होती. ती सकाळपासून असणार, पण सुपडू सकाळपासून खाली बघतच नव्हता. पितांबर साहेबांनी व्हर्नियर झटकला, जबडे मिटले आणि उजेडाकडे धरले. शून्यासमोर शून्य नव्हतं. मिलिमीटरचा दहावा हिस्सा पुढे होतं. त्यांनी जबड्यावर नख घासलं, पिवळट पापुद्रा निघाला, तो त्यांनी नाकाशी नेला.

"हा गूळ आहे," ते म्हणाले.

कोणी हसलं नाही. शेठच्या चेहऱ्याकडे बघून कोणाची हिंमत झाली नाही.

"देवाना शे, साहेब," सुपडू म्हणाला. आणि लगेच, कोणी काही विचारायच्या आत, "दोन-दोन पंच मारे की बेरिंग बठी जाई."

पितांबर साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं जसं बेअरिंगऐवजी हाच घसरून खाली पडलाय. मग शेठला म्हणाले, "बघा, चूक एकच आहे. साधी आहे. पुसायला विसरला असेल तर पुन्हा दहा करून देईल, मला परवा चालतील."

सुटकेचं दार उघडं होतं. शेठने विचारलं, "सुपडू, काम सुरू करायच्या आधी पुसून शून्य बघितलं होतंस का?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. विसरलो शेठ. लेथ त्याचं राहिलं असतं. सुपडूने सगळीकडे पाहिलं. ड्रिलवाला बघत होता, पितांबर साहेब बघत होते, अस्लम हातात आपला दहावा शाफ्ट घेऊन उभा होता. इतक्या माणसांसमोर 'विसरलो' म्हणणं सुपडूला जमण्यासारखं नव्हतं.

"देखं ना शेठ," तो म्हणाला. "ह्या अस्ल्यानी शिकाडं तसंच बठ्ठं करं."

 अस्ल्याने शिकवलं हे जे शेठपासून इतके दिवस लपवलं, ते त्याने आता स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि तेही दोष ढकलायला. अस्लमने हातातला शाफ्ट टेबलावर ठेवला. पितांबर साहेबांनी बेअरिंग लावलं. ते अर्ध्यावर अडलं, बोटाने दाबल्यावर सरळ बसलं. त्याचे दहाच्या दहा तसेच बसले.

"उद्यापासून हॅक्सॉ," शेठ म्हणाला आणि आत निघून गेला.

तर आता सुपडू मिस्त्री कोपऱ्यात असतो. गज बांधतो, बटण दाबतो, बिडी पेटवतो. किती लांबीचे किती तुकडे, त्याची चिठ्ठी अस्लम आणून मशीनवर ठेवतो, कारण हातात दिली तर सुपडू ती घेत नाही. अस्लम गेल्यावर उचलून वाचतो.

पहिल्या आठवड्यात तो सुकदेवच्या हॉटेलात येऊन बाकावर बसला आणि न विचारता सांगू लागला, "शेठ म्हने, मिस्त्री, अठरा वरीस उभं राह्यनात, आते बशीसन काम करा. नवं खातं दिधं मले. मी कापाशिवाय बठ्ठं वर्कशॉप बंद."

त्या दिवसांत क्रिकेटचा वर्ल्डकप चालू होता. सुकदेवने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि रेडिओजवळ जाऊन आवाज मोठा केला. सुपडू थांबला, कोणीतरी टोमणा मारील म्हणून इकडेतिकडे पाहिलं, परत पहिल्यापासून सांगायला लागला. कोणी मान वर केली नाही.